अर्धा वेढा

पाणी सोडणाऱ्या माणसाला कोणी नावानं हाक मारत नाही. त्यालाही सगळे चावीवालाच म्हणायचे. उजाडायच्या आत तो घरातून निघायचा, खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी, आणि रस्त्यातली झाकणं उचलून, खड्ड्यात चावी उतरवून, वेढे मोजत एकेक गल्ली चालू करायचा. पाणी आलं की त्याची आठवण कोणाला होत नसे. नाही आलं की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. उद्धार करण्यात सगळ्यात पुढे शेवटची घरं. नळाच्या टोकाला राहणाऱ्याला कायम वाटत असतं की आपलं पाणी वर कोणीतरी अडवून ठेवलंय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ठेवलेलं असतंच. अशा वेळी चावीवाला वाद घालत बसायचा नाही. मागे जायचा, चावी घालायचा आणि अर्धा वेढा वाढवून द्यायचा. अर्ध्या वेढ्यानं पाइप फुटत नाही, वरच्यांना कळत नाही आणि खालच्यांचं तोंड बंद होतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यानं असे किती अर्धे वेढे दिले असतील, आणि त्यातला एकही अंगाशी आला नव्हता.

तर असा हा चावीवाला त्या दुपारी हॉस्पिटलात बायकोच्या खाटेशी स्टुलावर बसून, वर टांगलेल्या बाटलीतून पडणारे थेंब बघत होता.

बायकोला सगळे काकू म्हणत. ती घरातच पाळणाघर चालवायची. मुलं काकू म्हणायची, मुलांच्या आया काकू म्हणायच्या, आणि नातवाला न्यायला येणारे सत्तरीचे आजोबाही काकूच म्हणायचे. आवाज असा की पलीकडच्या खोलीत भोकाड पसरलेलं पोर तिच्या नुसत्या ‘काय चाललंय रे’नं गप्प व्हायचं. आता तोच आवाज ऐकायला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागत होता. चार पायऱ्या चढली की भिंत धरायची. ओठ, नखं, डोळ्यांच्या आतली कड, सगळं पांढरंफटक पडलं होतं.

तिच्या मोठ्या आतड्यातली गाठ काढली होती. ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दुपार कलली तरी चालूच होतं. रक्त बेसुमार गेलं. पिशव्या चढवाव्या लागल्या, आणि त्यातून नवंच झेंगट मागे लागलं. तिच्या रक्तानं परक्या रक्ताशी वैर धरलं. आता ब्लड बँकेत पिशवीमागून पिशवी तपासली तरी तिला जुळणारी सापडेना. आणि रक्ताची गरज तर होतीच, कारण यकृतावर अजून एक गाठ बसली होती. बोराएवढी. सर्जन म्हणाले होते, ‘लहान आहे तोवर काढता येईल. वाढली तर मग माझ्या हातात काही राहणार नाही. पण हिमोग्लोबिन साडेसहा असलेल्या बाईच्या पोटाला मी आत्ता सुरी लावणार नाही. दहा करून आणा.’

दहा करून आणा म्हणे. जणू गिरणीतून दळून आणायचं होतं.

लोहाच्या गोळ्या झाल्या. कापलेल्या आतड्याला त्या सोसेनात. सकाळी घेतलेली गोळी दुपारपर्यंत उलटून पडायची, आणि जी पोटात राहायची तीही अंगी लागत नव्हती. नातेवाइकांनी बीट खायला सांगितलं, कारण बीट लाल असतं. माणसं आजारी माणसासाठी फार सोपा विचार करतात. काकूनं बीटही खाल्लं, आणि हिमोग्लोबिन साडेसहाचं सहा पॉइंट चार झालं.

मग रक्ताच्या डॉक्टर आल्या. वयानं लहान, बोलणं मोजकं. त्या म्हणाल्या, ‘पोटातला रस्ता बंद आहे ना, मग आपण थेट शिरेतून लोह देऊ.’ चावीवाल्याला हे लगेच पटलं. मेन लाइन बंद असली की बाजूनं जोड द्यायचा, हे तोही करत आला होता. डॉक्टरांनी पुढे हेही सांगितलं की लोह आत गेलं म्हणजे लगेच रक्त होत नाही. शरीर ते साठवतं आणि मग आपल्या गतीनं रक्त बनवतं, तीन-चार आठवडे तरी धरा.

‘आणि गाठ?’ त्यानं विचारलं.

‘म्हणूनच आता उशीर नको,’ त्या म्हणाल्या.

औषधाचा तुटवडा होता. ते यायची वाट बघण्यातच बरेच दिवस गेले. आलं त्या दिवशी काकूची शीर सापडेना. सिस्टरनं एक हात बघितला, दुसरा बघितला, गरम पाण्याची पिशवी ठेवली, हात चोळला. सुई बसेपर्यंत दुपार झाली. सिस्टरनं बाटली टांगली. आत कोऱ्या चहाच्या रंगाचं औषध. नळीवरचं छोटं पांढरं चाक तिनं अंगठ्यानं सरकवलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत थेंब मोजले, पुन्हा सरकवलं, पुन्हा मोजले.

‘काका, याला कोणी हात लावायचा नाही हं,’ ती म्हणाली. ‘काही वाटलं तर मला हाक मारा. आणि संध्याकाळी पाचला हा कक्ष बंद होतो. तोवर संपायला पाहिजे, नाहीतर उरलेलं टाकून द्यावं लागतं. उघडलेली बाटली ठेवता येत नाही.’

हे शेवटचं वाक्य तिनं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण तिचा त्यात काय दोष?

काकूला झोप लागली. झोपेत तिनं कोपर दुमडलं आणि थेंब मंदावले. चावीवाला बघत राहिला. एक थेंब नळीच्या तोंडाशी यायचा, फुगायचा, लोंबायचा आणि पडायचंच विसरायचा. भिंतीवरचं घड्याळ मात्र काही विसरत नव्हतं. बाटली अर्धीही झाली नव्हती. त्यानं सिस्टरकडे बघितलं. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला उलटी होत होती आणि ती त्याचं डोकं धरून उभी होती. अशा वेळी काय हाक मारायची, त्याला संकोच वाटला. त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं, की पाच वाजतील आणि ही बाटली मोरीत ओततील. इतक्या दिवसांनी मिळालेली. ज्या बाईच्या अंगात पेलाभरसुद्धा परकं रक्त चालत नाही, तिच्या वाटणीचं लोह मोरीत.

हिला पाणी पोचत नाहीये, एवढंच त्याला दिसलं. त्यानं उठून, इकडेतिकडे बघून, ते चाक अर्धा वेढा फिरवलं.

आता त्याच्या खड्ड्यातल्या व्हॉल्व्हला पुरा उघडायला वीस-वीस वेढे लागतात. तिथला अर्धा म्हणजे किंचित. या चिमुकल्या चाकाचा सगळा पल्लाच अंगठ्याएवढा. इथला अर्धा म्हणजे जवळजवळ सगळंच. हे त्याला कळायला हवं होतं, पण हात सवयीचे गुलाम असतात. थेंब टपटप पडायला लागले तसा तो समाधानानं स्टुलावर बसला. तेवढ्यात झोपेत काकूनं हात सरळ केला आणि थेंबांची धार झाली. त्यानं ती बघितली नाही. तो घड्याळ बघत होता आणि मनातल्या मनात हिशेब करत होता की आता पाचच्या आत होईल.

‘अहो,’ काकू म्हणाली. ‘अहो, छातीवर कोणीतरी बसलंय.’

तिचा चेहरा लालबुंद झाला होता. इतक्या महिन्यांत तिच्या गालावर रंग आला होता तो असा. ती उठायला बघत होती, पाठ धरत होती, तोंड उघडून हवा ओढत होती. चावीवाल्याची पाचावर धारण बसली. आणि इथं त्यानं जे केलं ते त्याचं त्यालाही पुढे किती दिवस समजलं नाही. हाक मारायच्या आधी त्याचा अंगठा चाकाकडे गेला, आणि त्यानं चाक पूर्वी होतं तिथं आणून ठेवलं. मग त्यानं हाक मारली.

सिस्टर धावत आली, तिनं औषध बंद केलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं. थोड्या वेळात काकूचा श्वास जागेवर आला. लाली उतरली आणि पुन्हा तो पांढरा रंग दिसायला लागला. जिवावरचं टळलं होतं. डॉक्टरांनी बाटली उचलून उजेडात धरली.

‘वेग किती ठेवला होता?’

‘सांगितला तेवढाच, मॅडम. मी दोनदा मोजला.’

‘मग एवढ्या वेळात इतकं कसं गेलं?’

सिस्टरनं चाकाकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं. ‘मी मोजला होता, मॅडम,’ ती पुन्हा म्हणाली, पण या वेळी आवाज खाली आला होता.

‘वेगाचं आता नक्की सांगता येत नाही, मग ही ॲलर्जीच धरावी लागेल,’ डॉक्टर चावीवाल्याकडे वळून म्हणाल्या. ‘आणि ॲलर्जी असेल तर हे पुन्हा द्यायची जोखीम मी घेऊ शकत नाही. आपण दुसरं काही बघू.’ दुसरं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. बहुधा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडायचं होतं आणि दोन शब्द बोलायचे होते. पण बायको समोर धापा टाकत पडलेली, आणि तिला तसं करणारा हात आपला, हे तिच्या देखत कसं बोलायचं? घरी गेल्यावर सांगू, असं त्यानं ठरवलं. घरी गेल्यावर, उद्या सांगू. एकदा का माणूस मूग गिळून बसला की रोज ते मूग आणखी जड होत जातात.

घरी आल्यावर काकू फारसं बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं फोन मागितला आणि पाळणाघरातल्या मुलांच्या आयांना एकेक करून फोन लावला. ‘दुसरीकडे बघ गं बाई. नाही, मी बरी झाले की कळवीन, पण तू बघून ठेव. त्याची लाल उशी राहिलीये इथं, ती घेऊन जा. तिच्याशिवाय झोपत नाही तो.’ चावीवाला दारात उभा राहून ऐकत होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीसुद्धा या बाईनं कोणाला दुसरीकडे बघ म्हटलं नव्हतं. उलट दरडावून सांगितलं होतं की महिन्याभरात येतेय, माझी पोरं कोणी पळवू नका.

‘कशाला फोन करतेस?’ तो म्हणाला. ‘होईल काहीतरी.’

‘काय होणार?’ ती म्हणाली. ‘रक्त चालत नाही. गोळी टिकत नाही. शेवटचं एक राहिलं होतं, तेही अंगानं परत पाठवलं. शरीरालाच जगायचं नसेल तर तुम्ही आणि मी कोण?’

तो स्वयंपाकघरात गेला आणि चहा केला. दुसरं काही सुचलं नाही. पुढचे सगळे दिवस तो असाच चहा करत राहिला. ती दोन घोट घ्यायची आणि कप खाली ठेवायची.

तिची मोठी बहीण, आक्का, राहायला आली. आक्का म्हणजे तोंडाची तोफ. तिनं सगळी हकीकत ऐकली आणि पहिलं वाक्य काढलं ते हे: ‘कुठंतरी पाणी मुरतंय.’

चावीवाल्यानं हातातला कप खाली ठेवला. चोराच्या मनात चांदणं. पण आक्काचा रोख भलतीकडेच होता.

‘त्या सिस्टरनंच घोळ घातलाय,’ आक्का म्हणाली. ‘पोरगीच ती. फोनवर बोलत बसली असेल. तुम्ही तिथं होतात ना हो? बघितलंत ना? मग तक्रार करा की. तिची नोकरी घालवल्याशिवाय मी इथून हलायची नाही.’

‘ती फोनवर नव्हती,’ तो म्हणाला.

‘मग काय करत होती?’

‘दुसऱ्या पेशंटचं डोकं धरलं होतं.’

‘बघा, म्हणजे लक्ष नव्हतंच,’ आक्का म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन मोठ्या सिस्टरांकडे भांडून आली.

कामावर त्याचे हात चालेनासे झाले. वेढे मोजताना आकडा सुटायचा. एका गल्लीचं पाणी बंद करायचं राहिलं आणि टाकी भरून रस्ताभर ओहोळ वाहिला. शेवटच्या घरातली म्हातारी नेहमीसारखी दारात येऊन म्हणाली, ‘अरे चावीवाल्या, जरा अर्धा वेढा दे की रे, बादली भरत नाही.’ तो तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘नाही देणार.’ म्हातारीला वाटलं याला कोणीतरी वरून दम भरलाय. तिनं त्याच्या सात पिढ्यांत आणखी एक वाढवली.

रोज काम उरकलं की तो ब्लड बँकेत जायचा. जुळणारी पिशवी मिळाली का, विचारायचा. खिडकीतला माणूस आता त्याला बघूनच मान हलवायचा. त्या दिवशीही हलवली. परत येताना जिन्याखालच्या खोलीत ती सिस्टर दिसली. समोर धुऊन आलेल्या चादरींचा ढीग, आणि ती घड्या मोजत होती. त्यानं खाली मान घालून निघून जायचा प्रयत्न केला, पण तिनंच हाक मारली.

‘काका, काकू कशा आहेत?’

‘आहे,’ तो म्हणाला.

‘तक्रार झाल्यापासून मला इथं बसवलंय.’ ती बाहेर आली. डोळ्यांखाली काळं आलं होतं. ‘एक विचारू? रागावू नका. तुम्ही तिथंच होतात. मी वेग बरोबर लावला होता ना? मला आठवतंय की मी दोनदा मोजला. पण सगळे विचारतात तेव्हा वाटतं, मोजला होता का खरंच? काल वॉर्डात मदतीला बोलावलं, एकाला साधं सलाइन लावायचं होतं, तर माझे हात थरथरायला लागले. मला आता माझाच भरवसा वाटत नाही, काका.’

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो ‘हं’ म्हणाला, वळला आणि चालायला लागला. फाटकापर्यंत गेला. फाटकाबाहेर रिकामी रिक्षा उभी होती, रिक्षावाल्यानं ‘कुठं?’ म्हणून विचारलंही. तो नुसता उभा राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे घर आलं, त्या रिकाम्या पाळण्यांमध्ये भिंतीकडे तोंड करून पडलेली बायको आली. आज जाऊन पुन्हा तिला चहा करून द्यायचा आणि पुन्हा काही बोलायचं नाही, हे आता आपल्याला जमणार नाही, एवढंच त्याला समजलं. तो मागे फिरला आणि डॉक्टरांच्या खोलीबाहेर जाऊन बसला.

आत गेल्यावर तो बसलाही नाही. ‘चाक मी फिरवलं,’ तो म्हणाला. ‘अर्धा वेढा. आणि तिला त्रास झाल्यावर परत होतं तिथं आणलं. सिस्टरचं काही चुकलेलं नाही.’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

‘का?’

‘पाचला टाकून देणार होते. थेंब पडत नव्हते. मला वाटलं तिच्यापर्यंत पोचत नाहीये.’

‘कोपर दुमडलं असेल,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘सिस्टरनं येऊन हात सरळ केला असता, झालं असतं.’ मग त्या अगदी सावकाश बोलल्या, जणू त्यांना स्वतःलाच आवरायचं होतं. ‘भराभर गेलं की असं होतं. छाती आवळते, चेहरा लाल होतो. बंद केलं की आपोआप जातं. ती ॲलर्जी नसते. हे मला त्याच दिवशी कळलं असतं ना, तर मी अर्धा तास थांबून त्याच संध्याकाळी पुन्हा हळू सुरू केलं असतं. कक्ष उघडा ठेवायला लावला असता. एव्हाना तिचं रक्त बनायला लागलं असतं.’

‘आता?’

‘आता देऊ. जपून, माझ्या देखरेखीखाली. पण गेलेले दिवस मी परत आणू शकत नाही. गाठीनं या दिवसांत काय केलं, ते पुढच्या स्कॅनमध्येच दिसेल.’ त्यांनी वर बघितलं. ‘आणि कालच तुमच्या मिसेसनी मला फोनवर सांगितलंय की आता कुठलीही सुई नको. त्यांना माझ्या सांगण्यानं पटणार नाही. तुम्हीच सांगायला पाहिजे.’

त्यानं चादरींच्या खोलीशी जाऊन सिस्टरलाही सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. ‘मी घरी जाऊन रडत होते, काका,’ एवढंच म्हणाली आणि पुन्हा घड्या मोजायला लागली.

घरी आक्का शेजारी गेली होती. दुपारचं ऊन पाळण्यांच्या दांड्यांवर पडलं होतं. काकू जागीच होती. तो तिच्या गादीशी जमिनीवर बसला आणि भिंतीकडे बघत सगळं सांगून टाकलं, चाक मागे फिरवल्याचंही. सांगताना तो एकदाही थांबला नाही, कारण थांबला असता तर पुन्हा सुरू झाला नसता.

ती कोपरावर रेलून त्याच्याकडे वळली.

‘म्हणजे माझ्या अंगानं नाही म्हटलं नव्हतं?’ तिनं विचारलं.

‘नाही.’

‘ते मला चालतं?’

‘चालतं. हळू दिलं तर चालतं.’

ती रडायला लागली. आवाज नव्हता, ताकदच नव्हती तेवढी, नुसते खांदे हलत होते. त्याला वाटलं सुटलो. त्यानं हात पुढे केला तर तिनं तो बाजूला केला.

‘मी मेले होते हो,’ ती म्हणाली. ‘इतके दिवस मी इथं मरून पडले होते. पोरं वाटून टाकली. आक्काला सांगून ठेवलं की माझ्यामागे तुमच्या जेवणाचं काय करायचं. माझंच शरीर माझं वैरी झालं म्हणून त्याला शिव्या घालत होते. आणि तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही चहा करून देत होतात.’

तो बसून राहिला. जरा वेळानं ती म्हणाली, ‘डॉक्टरांना सांगा, येते म्हणून,’ आणि तोंड फिरवलं.

आक्काला कळलं तेव्हा मात्र नवलच झालं. तोफ उडालीच नाही. तिनं त्याच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दुसऱ्या दिवशी, कोणाला न सांगता, त्या सिस्टरची माफी मागायला गेली. त्याच्याशी बोलणं मात्र तिनं बंद केलं. ताट वाढायची आणि उठून जायची.

या वेळी डॉक्टरांनी सकाळची वेळ दिली. चाकाच्या भरवशावर न राहता वेग धरून ठेवणारं यंत्र मागवलं आणि सुई लावायला त्याच सिस्टरला बोलावलं. दारात तिनंच चावीवाल्याला अडवलं. ‘नातेवाईक बाहेर, काका. मॅडमनी सांगितलंय.’ काकूनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती भिंत धरत आत गेली आणि दार लागलं.

तो बाकावर बसला. आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. थेंब पडतायत की नाही, हात दुमडलाय की सरळ आहे, चेहऱ्याचा रंग काय आहे. जन्मभर लोकांनी त्याला विचारलं होतं, पाणी कधी येणार, आणि तो तोऱ्यात ‘येईल’ म्हणून पुढे गेला होता. आता कोणाला विचारायचं? स्कॅन कधी, तर महिन्यानं. रक्त दहावर कधी, तर माहीत नाही. गाठ अजून बोराएवढीच आहे का, तर माहीत नाही. समोरून औषधांची गाडी ढकलत एक बाई गेली. त्यानं उठून दाराच्या काचेतून बघायचा प्रयत्न केला, पण काच दुधी होती.

दार उघडलं. सिस्टरच होती.

‘काय झालं?’ तो आत डोकावत म्हणाला.

‘काही नाही. व्यवस्थित चाललंय. पण त्यांची छाती धडधडतेय. तपासलं मी, सगळं ठीक आहे, नुसती भीती आहे. मॅडमना विचारलंय. काकू तुम्हाला आत बोलावतायत.’

‘मी दारातच थांबतो,’ तो म्हणाला.

‘इकडे या,’ आतून काकूचा आवाज आला. बारीक, पण दरडावणारा. तो गेला. यंत्रापासून लांब, खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला.

‘बसा,’ ती म्हणाली. तो स्टुलावर बसला. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तो तिच्या पांघरुणाकडे.

‘ती गाठ वाढली असेल तर तुमच्यामुळे वाढलीये,’ ती म्हणाली. ‘वाढली नसेल तरी मी हे विसरायची नाही. कळलं?’

‘कळलं.’

‘हात द्या आता. दोन्ही.’

त्यानं दिले. सुई नसलेल्या हातानं तिनं त्याची दोन्ही मनगटं एकत्र धरली. मूठ पुरत नव्हती. पकड इतकी कमजोर होती की सोडवून घ्यायला त्याला काहीच करावं लागलं नसतं. चोराचे धरावेत तसे तिनं ते धरले होते की नवऱ्याचे, हे त्याला कळेना आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

‘मला भीती वाटतेय हो,’ ती म्हणाली.

‘मलाही,’ तो म्हणाला. आणि बाटली संपेपर्यंत ती दोघं तशीच बसून राहिली.